आसागिरीचे गुण

वसुधाताईंना कुणी फूल दाखवलं की त्या आधी त्याच्या बुडाशी बघायच्या. समोरचा माणूस रंगाचं कौतुक करत असायचा आणि ह्या कमरेत वाकून, दोन्ही हातांनी पानं बाजूला सारून, मातीचा वास घेतल्यासारख्या. मग सावकाश सरळ व्हायच्या, गुडघ्यावरची माती झटकायच्या आणि म्हणायच्या, "हं." चांगलं की वाईट हे त्या 'हं'वरून कधीच कळायचं नाही. फूल दाखवणारा बिचारा ओशाळायचा.

माझी त्यांची ओळख जपानात, कोबेतल्या गणपतीत झाली. नवऱ्याच्या बँकेने आम्हाला मुंबईहून इथे पाठवलं त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. आरती संपून पानं वाढली जात होती. उंच, सडसडीत, पांढरे केस कानामागे घट्ट बसवलेली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नाव काय, मूळच्या कुठल्या, असलं काही न विचारता तिने विचारलं, "गाडी चालवतेस?"

मी हो म्हटलं. इथलं लायसन्सही नुकतंच करून घेतलंय, असंही सांगितलं.

"मग मे महिन्यात मोकळी राहा," असं म्हणून त्या मसालेभाताकडे वळल्या. मे यायला अजून पाऊण वर्ष होतं.

नंतर कळलं की वय झाल्यावर त्यांनी आपलं लायसन्स आपणहून पोलिसांकडे परत करून टाकलं होतं. मुलाने सांगितलं नव्हतं, डॉक्टरने सांगितलं नव्हतं. एकदा सिग्नलला ब्रेक लावायला त्यांना जरा उशीर झाला, कुणाला काही लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या लायसन्स देऊन आल्या. स्वतःबद्दलही त्या अशाच निकाल द्यायच्या. तेव्हापासून त्यांना डोंगरापलीकडच्या फुलांच्या वाफ्यांवर न्यायला कुणीतरी लागायचं, आणि पुढची काही वर्षं ते कुणीतरी म्हणजे मी.

वसुधाताई लग्न होऊन पार्ल्याहून थेट कोबेला आल्या होत्या. यजमान कापडाच्या निर्यातीच्या पेढीत होते; मी त्यांना पाहिलं नाही, माझ्या येण्याच्या बऱ्याच आधी ते वारले. ताईंची मराठी मात्र त्या आल्या तेव्हाचीच राहिली होती. शिनकानसेनलाही त्या आगगाडी म्हणायच्या. कोनबिनीतून दूध आणायचं असलं तर "वाण्याकडे जाऊन येते" म्हणायच्या. मुलगा नितीन त्यांच्याशी फोनवर जपानीतच बोलायचा, त्या मराठीतच उत्तर द्यायच्या, आणि दोघांपैकी कुणीही आपली बाजू सोडत नव्हतं.

एवढी वर्षं जपानात राहून त्यांनी मिळवलेली एकच पदवी होती. डोंगरामागच्या, आयरिस नावाच्या फुलाच्या मंडळाच्या त्या परीक्षक होत्या. मंडळात बहुतेक निवृत्त शिक्षक, नर्सरीवाले, एकदोन डॉक्टर. त्यात ही एकटी भारतीय बाई. जपान म्हटलं की आयरिस आलीच, पण ती पाण्यात पाय रोवून उभी राहणारी हानाशोबु. हे मंडळ दुसऱ्या आयरिसचं होतं. तिच्या खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखी मऊ लव असते, इथे तिला जर्मन आयरिस म्हणतात, आणि तिला पाण्याचा तिटकारा आहे. मे महिन्यात ती अशी फुलते की बघणाऱ्याचं भान हरपावं. मग जूनमध्ये त्सुयु सुरू होतो, आठवडेच्या आठवडे चिकट पाऊस, त्यामागून दमट, उकडणारा उन्हाळा. जमिनीलगतचा कंद मऊ पडतो, त्याला घाण वास सुटतो, आणि पान ओढलं की ते हातात येतं. थंडीचं या झाडाला काही वाटत नाही. जपानात त्याची परीक्षा घेतो तो पाऊस.

म्हणून मंडळाची पद्धत अशी होती: नवीन जात कुणीही तयार केली की तिचे कंद चाचणीच्या वाफ्यात लावायचे. नाव नाही, फक्त नंबर. तीन पावसाळे काढायचे. मेमध्ये सगळे परीक्षक येऊन फुलाचे गुण द्यायचे. दांडा पावसात लवतो का, फांद्या नीट अंतरावर आहेत का, कळ्या एकामागून एक उमलतात की एकदम उमलून दोन दिवसांत संपतात. आणि सप्टेंबरमध्ये, उन्हाळा सरला की कंद बघून टिकाऊपणाचे गुण. पदक मिळायचं ते दोन्हींवर.

मेमध्ये सगळे हौसेने यायचे, डबे घेऊन. सप्टेंबरमध्ये कुणी यायचं नाही. तेव्हा वाफ्यात बघण्यासारखं काही नसतं. करपलेली पानं, डास आणि सडका वास. वसुधाताई मात्र जायच्या. हळूहळू असं झालं की त्या एकट्याच जायच्या, त्या जे सांगतील तेच टिकाऊपणाचे गुण धरले जायचे, आणि त्यावर कुणी एक शब्दही काढायचं नाही.

"मांडवात सगळेच छान दिसतात गं," त्या मला म्हणायच्या. "आषाढ गेल्यावर बघावं."

त्यांचा आवडता शेरा होता 'मो इचिनेन'. म्हणजे अजून एक वर्ष. एखादं झाड सगळ्यांना आवडलेलं असायचं, पदक जवळजवळ ठरलेलं असायचं, आणि ह्या सप्टेंबरमध्ये जाऊन येऊन शांतपणे सांगायच्या, मो इचिनेन. दोन पावसाळे हलके गेलेत, खरा पाऊस अजून बघितलेला नाही, अजून एक वर्ष राहू द्या. मंडळात त्यांना मागून 'मो इचिनेन-सान' म्हणायचे. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले, आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

एका गणपतीत आमच्या हौशी मंडळींनी त्यांना उकडीच्या मोदकांच्या स्पर्धेचं परीक्षक केलं. नऊ-दहा बायकांनी मोदक आणले होते, माझेही होते, आणि कळ्या तर अशा पडल्या होत्या की मीच मनातल्या मनात पहिला नंबर घेऊन बसले होते. वसुधाताईंनी सगळी ताटं पाहिली, एकही मोदक तोंडात घातला नाही आणि म्हणाल्या, "झाका. संध्याकाळी बघते."

"अहो ताई, गार होतील."

"तेच बघायचंय. गरम असताना सगळेच मोदक चांगले असतात."

संध्याकाळपर्यंत माझ्या सगळ्या मोदकांना भेगा पडल्या होत्या. बक्षीस मिळालं एका नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीच्या ओबडधोबड, चार कळ्यांच्या मोदकांना. बायका पुढे महिनाभर धुसफुसत होत्या. मीही. पण त्यांनी आपल्याला उगीच डावललं असं कुणालाच म्हणता येईना, आणि खरी चीड त्याचीच होती.

त्यांची एकच जवळची मैत्रीण होती, मिझुनो-सान. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हसली की तळहाताने तोंड झाकणारी. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर तिच्या वडिलांची पायऱ्यापायऱ्यांची जमीन होती. तिथे ती आयरिसचे संकर करायची. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर, मग बी, मग रोप, मग पहिलं फूल दिसायला दोन-तीन वर्षं. तिला आयुष्यात एकच करायचं होतं: त्सुयुत न सडणारी दाढीवाली आयरिस. त्यापायी तिने किती सुंदर झाडं उपटून टाकली त्याची गणती नाही. शेवटी एक तिच्या मनासारखं आलं. करडा आणि जांभळा यांच्या मधला रंग, पाकळीची कड पांढुरकी. तिने नाव ठेवलं आसागिरी, सकाळचं धुकं. ते वाफ्यात नंबराने गेलं, पण मंडळ लहान. कुणाचं झाड हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. गुण न देण्याचा नियम होता तो फक्त स्वतःच्या नि घरच्यांच्या झाडांपुरता. मैत्रिणीच्या झाडाला गुण द्यायला कुणाची हरकत नव्हती, आणि वसुधाताईंच्या बाबतीत तर कुणाच्या मनातही शंका आली नसती.

आसागिरीचे पहिले दोन पावसाळे कोरडे गेले. तिसरं वर्ष शेवटचं. त्याच वसंतात मिझुनो-सान आजारी पडली. पोटाचा कॅन्सर होता, पसरलेला. डॉक्टर आपण होऊन फारसं बोलले नाहीत, पण तिच्या भाचीने विचारल्यावर जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच होता की पुढचा वसंत बहुधा नाही.

त्या वर्षी पाऊस असा पडला की डोंगरातले रस्ते बंद झाले.

सप्टेंबरमध्ये मी वसुधाताईंना घेऊन वाफ्यावर गेले. एरवी त्या मला टोपली धरून मागे यायला लावायच्या, कंद उकरून दाखवायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "तू गाडीतच थांब. ऊन आहे." मी थांबले. त्यांना नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. परत आल्या तेव्हा त्यांचे हात स्वच्छ होते. नेहमी त्या चिखलाच्या हातांनी तशाच गाडीत बसायच्या, त्यांच्यासाठी मी सीटवर वर्तमानपत्र पसरून ठेवायची. त्या दिवशी नळावर जाऊन, नखांतली मातीसुद्धा काढून आल्या होत्या.

"कसं आहे आसागिरी?" मी विचारलं.

"टिकलंय," त्या म्हणाल्या.

मला आनंद झाला. मी म्हटलं, मिझुनो-सानना आजच जाऊन सांगू या. बोगदा ओलांडून कोबे दिसायला लागलं तेव्हा त्यांनी आपणहून नितीनच्या जन्माची गोष्ट सांगितली. यजमान कामासाठी हाँगकाँगला होते. ह्यांना कळा सुरू झाल्या आणि जपानी तर जेमतेम नमस्कारापुरतं येत होतं. तेव्हा शेजारच्या घरात राहणारी शाळामास्तरीण, म्हणजे मिझुनो, टॅक्सीत घालून घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचा हात धरून बसली. शाळेला तोवर एकही दिवस दांडी न मारलेली बाई. नर्स जे बोलायची ते ती सोपं करून, हातवारे करून सांगायची. "मला 'जोर लावा'चं जपानी तिने शिकवलं," ताई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

महिन्याभराने आसागिरीला मंडळाचं मोठं पदक मिळालं. समारंभ हॉस्पिटलच्या खोलीतच झाला. अध्यक्ष सूट घालून आले. मिझुनो-सान उशांना टेकून बसली होती, डोक्याला विणलेली टोपी. तिने पदक दोन्ही हातांनी घेतलं, अध्यक्षांकडे न बघता वसुधाताईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू हो म्हणालीस, म्हणजे खरंच जमलं." मी दाराशी होते. तिथून मला ताईंची पाठ तेवढी दिसत होती. त्यांनी मान इतकी खाली घातली होती की मला ते जपानी पद्धतीचं वाकणं वाटलं.

आणि मग मिझुनो-सान गेली नाही. नवं औषध सुरू झालं, ते लागू पडलं. पुढच्या वसंतात ती घरी आली, त्याच्या पुढच्या वसंतात काठी घेऊन पायऱ्या उतरायला लागली. आम्ही सगळे इतके खूश होतो. वसुधाताई आठवड्यातून दोनदा तिच्यासाठी मुगाची खिचडी करून बसने घेऊन जायच्या. मला त्या थोड्या खंगल्यासारख्या वाटायच्या, मी म्हणायची, आता मैत्रीण बरी झाली, तुम्ही जरा स्वतःकडे बघा.

दरम्यान पदकामुळे आसागिरीला मागणी आली. एका नर्सरीने ती जात वाढवली, आणि डोंगराच्या कुशीतल्या एका सार्वजनिक बागेने अख्खा उतार तिचाच करायचं ठरवलं. लावणार आणि सांभाळणार होते तिथले स्वयंसेवक, सगळे साठी-सत्तरीचे. त्यांचे पुढारी कितामुरा-सान, जहाजाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी उतार खणला, खडी मिसळली, रोज सकाळी फेरी मारली. मेमध्ये तो उतार फुलला तेव्हा लोक गाड्या करून बघायला आले. मिझुनो-सानला खुर्चीवर बसवून तिथे नेलं होतं. ती दिवसभर तोंडावर हात ठेवून हसत होती.

पावसाळ्यानंतर तो उतार सडला. थोडी झाडं नाही, जवळजवळ सगळी. वास रस्त्यापर्यंत यायचा.

बातमी मीच ताईंना सांगितली, फोनवर. सांत्वन म्हणून म्हटलं, "तुम्हाला कसं कळणार होतं?" पलीकडून फोन ठेवला गेला. मला वाटलं कट झाला.

शरदात बागेजवळच्या सभागृहात बैठक बोलावली गेली. मंडळाचे लोक, बागेचे लोक, स्वयंसेवक. मिझुनो-सान पुढच्या रांगेत होती. वसुधाताई माझ्या शेजारी, मागे, पर्स मांडीवर धरून. कितामुरा-सान उठले. त्यांनी आपली चूक सांगायला सुरुवात केली. पाऊस सुरू होण्याआधी एक कोरडा आठवडा गेला होता, तेव्हा आपण नळीने पाणी दिलं. बहुधा तेच जास्त झालं. ज्या झाडाने मंडळाच्या वाफ्यात तीन पावसाळे काढले ते आपल्या हातात एका वर्षात गेलं, मिझुनो-सेन्सेईंच्या आयुष्यभराच्या कामाला आपल्यामुळे डाग लागला. एवढं बोलून ते कमरेतून वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांच्या मागे त्यांची बायकोही उठून वाकली. मिझुनो-सान गडबडून काठीवर उठायला लागली, नाही नाही, असं काही नाही, म्हणत.

वसुधाताई उभ्या राहिल्या. त्यांची पर्स खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"कितामुरा-सान, कृपा करून मान वर करा," त्या म्हणाल्या. त्यांचं जपानी नेहमी स्वच्छ, सावकाश असायचं, मलाही समजेल असं. "पाण्याचा दोष नाही. तिसऱ्या वर्षी वाफ्यातच आसागिरीचे कंद सडले होते. मी ते पाहिले आणि टिकाऊ आहे असं लिहिलं."

मग अध्यक्षांनी घसा साफ केला. ते सभ्य गृहस्थ होते, त्यांनी वाट काढून द्यायचा प्रयत्न केला. त्या वर्षीचा पाऊस अपवादात्मक होता, म्हणाले, अशा वर्षी अंदाज चुकू शकतो, कुणाचाही चुकला असता.

"अंदाज चुकला नाही," वसुधाताई म्हणाल्या. "न दिसणं वेगळं. मला दिसलं होतं."

अध्यक्ष खाली बसले. मिझुनो-सान वळून मागे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही फारसं नव्हतं. एखाद्या मुलाचं उत्तर ऐकताना शिक्षक थांबून राहतात, तशी ती बघत होती.

बैठक कशीबशी संपली. दाराशी सगळे बूट घालत होते. मिझुनो-सान पायरीवर बसली, तिला वाकता येत नव्हतं. वसुधाताई गुडघे टेकून तिच्यासमोर बसल्या आणि तिचा बूट घालायला लागल्या. मिझुनो-सानने त्यांच्या हातातून बूट हळूच काढून घेतला. मग खालच्या आवाजात चारपाच वाक्यं बोलली. मला त्यातलं 'एक वर्ष' समजलं, आणि 'जिवंत'. भाचीने तिला उठवलं आणि त्या दोघी गेल्या.

गाडीत बसल्यावर मी चावी फिरवली नाही.

"समजलं का तुला ती काय म्हणाली?" ताईंनी विचारलं.

"अर्धंमुर्धं."

"मग नीट सांगते," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्या मला प्रत्येक सभेनंतर असंच सगळं सांगत आल्या होत्या, एकही शब्द न गाळता. "ती म्हणाली, कंद सडलाय हे तू मला त्याच आठवड्यात सांगितलं असतंस, तर मी पलंगावर पडल्या पडल्या विचार केला असता, आता आसागिरीचा संकर कशाशी करायचा. त्या दिवसांत मला विचार करायला तेवढंच हवं होतं. मग म्हणाली, सगळ्यांना तू अजून एक वर्ष दिलंस. मला नाही दिलंस."

मी म्हटलं, त्यांना धक्का बसला असेल.

"थांब, संपलं नाही. शेवटी म्हणाली, मी जिवंत होते. तू मला मेलेली..." आणि त्यांनी स्वतःच मान हलवली. "नाही, 'मेलेली' असं नाही म्हणाली ती. जपानीत ते जरा निराळं आहे. तुझ्या लेखी मी केव्हाच गेले होते, असं."

"ताई, रागाच्या भरात बोलतो माणूस."

"रागावून नाही बोलली गं ती," वसुधाताई म्हणाल्या. "तेच तर."

त्या रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला, मग पुन्हा काढून पुसला. बोगद्यात शिरल्यावर आपणहून म्हणाल्या, "मला वाटलं होतं, ही गेली की तो खोटेपणाही हिच्याबरोबर जाईल." आणि थोड्या वेळाने, "ती बरी झाली असं डॉक्टर म्हणाला ना, तेव्हा पहिला क्षण... एकच क्षण, पण मला भीती वाटली होती अनघा." याच्यापुढे त्या कधीच काही बोलल्या नाहीत, आणि मीही हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

मंडळाने त्यांना काढलं नाही. जपानात असं कुणाला काढत नाहीत. त्यांनी स्वतःच अध्यक्षांना सांगितलं की यापुढे मी गुण द्यायला येणार नाही. मिझुनो-सानने पदक रुमालात बांधून परत पाठवलं, सोबत चिठ्ठी नव्हती. त्यानंतर मंडळात कुणीही त्यांना 'मो इचिनेन-सान' म्हटलं नाही. लोकांनी सौजन्याने ते नाव टाकून दिलं, आणि त्या सौजन्याने त्या जितक्या खचल्या तितक्या कुणी शिव्या दिल्या असत्या तरी खचल्या नसत्या. मिझुनो-सानच्या गल्लीवरून बसने जाणं त्यांनी सोडलं. एक स्टॉप आधी उतरून लांबच्या चढाने घरी जायच्या, हातात भाजीच्या पिशव्या असल्या तरी.

कितामुरा-सानच्या घरी त्या मिठाई घेऊन गेल्या तेव्हा मीच गाडी चालवत होते. त्यांनी माफी मागितली, कितामुरा-सानही वाकले, दाराच्या उंबऱ्यावर दोघं आलटून पालटून वाकत राहिले. शेवटी कितामुरा-सान म्हणाले की माझी आता एकच विनंती आहे, उतार रिकामा करायचाय आणि माणसं कमी पडतात. दुसऱ्या सकाळपासून त्या तिथे जायला लागल्या. गमबूट, गळ्यात टॉवेल, सडलेले कंद काढून पोत्यात भरायचं काम.

आमच्या पुढच्या गणपतीत कुणीतरी पुन्हा मोदकांची स्पर्धा ठरवली आणि सवयीने त्यांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. का, असं विचारल्यावर त्यांनी तिथेच, वाढायला उभ्या असलेल्या बायकांसमोर, सगळं सांगितलं. कुठे बघावं असं झालं सगळ्यांना. एक जण समजूत घालत म्हणाली, "अहो, पण तुम्ही मैत्रिणीसाठीच केलंत ना. आणि शेवटी फूलच तर होतं."

"मी फुलाबद्दल बोलत नाहीये," ताई म्हणाल्या आणि पानावर बसल्या. त्या दिवशी त्यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा कितीतरी वेळ रिकाम्या होत्या. मग मी एकीवर जाऊन बसले. आधी का बसले नाही, ते मला नीट सांगता येणार नाही.

पुढे नवऱ्याची तोक्योला बदली झाली आणि आम्ही उरायासुत घर घेतलं. ताईंशी फोनवर बोलणं व्हायचं, त्यात माझ्या मुलीची चौकशी असायची, तिच्या मराठीची काळजी असायची. बागेचं नाव त्या काढत नसत, मीही नाही.

दोनेक वर्षांनी सप्टेंबरमध्ये एका कामासाठी कोबेला जाणं झालं. न कळवताच त्यांच्या घरी गेले. नितीन आला होता, त्याने दार उघडलं. आई डोंगरापलीकडे गेलीये, मिझुनो-सानकडे, म्हणाला. किती दिवसांपासून, असं मी विचारलं. त्याने खांदे उडवले. मिझुनो-सानचा फोन आला होता, तिला खणायला माणूस हवं होतं, एवढंच त्याला माहीत होतं.

मी भाड्याची गाडी घेतली आणि त्या रस्त्याने वर गेले. शेवटच्या वळणावरून खालच्या पायऱ्या दिसतात, तिथे थांबले. नव्या संकरांच्या रोपांच्या ओळी होत्या, पावसाने झोडपलेल्या. मिझुनो-सान ओळीच्या टोकाला बुटक्या स्टुलावर बसली होती, काठी मांडीवर आडवी. वसुधाताई खणत होत्या. एक झाड मुळासकट काढायच्या, बादलीत धुवायच्या आणि दोन्ही हातांत धरून तिच्यापर्यंत चालत जायच्या. ती गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून कंद उलटासुलटा करून बघायची. मग टिकलेलं उजवीकडच्या टोपलीत, सडलेलं मागच्या ढिगावर. ती बघत असेपर्यंत वसुधाताई समोर उभ्या राहायच्या, ओले हात पुढे बांधून, मान खाली.

एका झाडाशी त्या थांबल्या. धुतल्यावर त्यांनी ते स्वतःच निरखून पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि तिथूनच ढिगावर टाकायला हात उचलला. मिझुनो-सानने तळहात पुढे केला. ताईंनी हात खाली घेतला, ते झाड तिच्याजवळ नेलं आणि दिलं. तिने ते खूप वेळ पाहिलं, इतर कुठल्याही झाडापेक्षा जास्त वेळ. मग स्वतःच्या हाताने ढिगावर टाकलं.

मी हाक मारणार होते, ती मारली नाही. खाली वसुधाताई परत ओळीकडे गेल्या, वाकल्या आणि पुढचं झाड काढायला लागल्या.